वहीत राहिलेले तीन प्रश्न

‘ताई, मी चोपडा तालुक्यातला, वय २५. आबा केळी कापणीच्या टोळीत आहेत, माय रोजाने शेतात जाते. एम.एस्सी. केमिस्ट्री केलं, नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) निघालं आणि जळगावला विद्यापीठात पीएच.डी.ला लागलो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. इथे कोणी माझ्याशी वाईट वागत नाही. सर चांगले, लॅबमधली पोरं-पोरीही चांगली. पण त्यांना सगळं आधीपासून माहीत असल्यासारखं वाटतं. ते सरांच्या केबिनमध्ये सहज जातात. मी दारापर्यंत जाऊन परत येतो. परवा ग्रुप मीटिंगला वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले होते. रंगाच्या पाण्यात ते साफ करणारी पावडर टाकल्यावर, दिवा लावायच्या आधी अर्धा तास अंधारात का ठेवायचं, रंग खरंच तुटतो की नुसता पावडरीला चिकटतो, असे. एकही विचारला नाही. त्यातला दुसरा शेजारच्या मुलीने विचारला. सर म्हणाले, चांगला प्रश्न, आणि पंधरा मिनिटं त्यावरच बोलले.

दर शनिवारी गावाला जातो. आबांचा खांदा दुखतो, म्हणून त्यांच्या जागी घड वाहतो. सोमवारी लॅबमध्ये डोळे मिटतात. एकदा शर्टावर केळीच्या चिकाचा डाग होता. तीच मुलगी म्हणाली, हा कसला? मी म्हटलं, आयोडीनचा. गावात जो तो विचारतो, “नोकरी कव्हय लागी?” फेलोशिप पाच महिने आलेली नाही, मित्राकडून उसने घेतलेत. घरच्यांना वाटतं मला ३७ हजार पगार आहे. बहिणीचं लग्न ठरतंय. गुजरातेत अंकलेश्वरला एक मित्र केमिकल कंपनीत क्यूसीत, म्हणजे माल तपासायला आहे, तो म्हणतो ये इकडे. मी चुकीच्या जागी आलोय का?

एक केळीवाला’

भाऊ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हे सदर लिहिणारी बाई म्हणून, आणि मग, सवय जात नाही, तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेली मास्तरीण म्हणून. दुसऱ्या वेळी पेन घेऊन तुझ्या दोन प्रश्नांखाली रेघ मारली. तुझ्या लक्षात आलंय का, की तुझ्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं निम्मं उत्तर आहे? अंधारात अर्धा तास ठेवतात ते चिकटायचं तेवढं चिकटून व्हावं म्हणून. त्या वेळात पाणी जेवढं फिकं झालं ते चिकटण्याच्या खात्यात. दिवा लावल्यावर पुढे जे फिकं होतं ते उजेडाच्या खात्यात. आणि तरी शंका उरतेच, कारण रंग गेला म्हणजे रंगद्रव्य संपलं असं होत नाही. त्याचे तुकडे बिनरंगाचे होऊन पाण्यातच राहिलेले असू शकतात, ते कळायला पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर काम करत असशील, तर मशीनवर त्या रंगाचा, ६६४ नॅनोमीटरवरचा आकडा उतरला एवढ्यावर खूश व्हायचं नाही. हे प्रश्न व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात. तू पहिल्या वर्षाला वहीत लिहिलेस आणि वही मिटलीस.

तेव्हा चुकीच्या जागी आलोय का, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. बाकीचं पत्र संकोचाबद्दल आहे. तो किती महाग पडतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

१९८६ साली मी धुळ्याहून पुण्याला गेले. आपल्याकडे तेव्हा वेगळं विद्यापीठ नव्हतं, ते झालं १९९० साली; तोवर खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठालाच जोडलेली. रात्रीच्या एसटीने निघायचं आणि पहाटे शिवाजीनगरला उतरायचं. नाना गिरणीत साच्यावर (मागावर) होते, आई घरी शिवणकाम करायची. पहिल्याच टर्मला एका संध्याकाळी क्वार्ट्झची क्युवेट, म्हणजे मशीनमध्ये नमुना ठेवायची छोटी डबी, धुताना हातातून निसटली. फार आवाजही झाला नाही. ती जोडीने येते, एक फुटली की जोडी गेली. मी तुकडे रुमालात बांधून खोलीवर नेले. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भाव विचारला तर माझ्या दोन महिन्यांच्या मेसपेक्षा जास्त. मग रात्रीचं जेवण बंद केलं. आईने दिलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजून खायच्या आणि वर तांब्याभर पाणी. पण रीडिंग तर घ्यायचीच होती, म्हणून रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेच्या, बाजूला साधी काचेची क्युवेट लावून दिली. आता तू केमिस्ट आहेस, तुला हसू येईल. काच अल्ट्राव्हायोलेट पिऊन टाकते. ३२० नॅनोमीटरच्या खाली माझा ग्राफ शून्याच्याही खाली गेलेला. दीड महिना मी तसले ग्राफ काढत होते.

शेवटी सरांनी एक ग्राफ हातात घेतला आणि म्हणाले, ‘रेफरन्सला काय लावलं होतंस?’ मी रडायलाच लागले. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक जाडजूड रजिस्टर काढलं. ब्रेकेज रजिस्टर. तारीख, वस्तू, नाव, सही. पाचव्या-सहाव्या पानावर खुद्द त्यांचं नाव दोनदा होतं. ‘इथे लिही आणि स्टोअरमधून दुसरी घे.’ झालं.

माझ्या खोलीतली मैत्रीण प्राध्यापकाची मुलगी. तिला हे रजिस्टर पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तुला कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, ‘अगं, मी विचारलं ना, फुटलं तर काय करायचं म्हणून.’ तिच्या तोंडी ते इतकं सोपं वाटलं की मला तिचा रागच आला. बरेच दिवस होता.

तुझ्या लॅबमधल्यांना ‘आधीपासून सगळं माहीत’ असतं म्हणतोस ना, ते हे असतं. त्यांच्या घरी जेवताना कोणीतरी म्हणतं, रेफरीने, म्हणजे पेपर तपासणाऱ्याने, पेपर परत पाठवला. आपल्या घरी जेवताना म्हणतात, आज गाडी उशिरा लागली. केळीची गाडी कशी भरायची, कोणता शेतकरी मजुरी थकवून ठेवतो, कोणत्या मुकादमाचा शब्द खरा, हे तुला कोणी वर्गात शिकवलेलं नाही, पण तुला येतं. त्यांना रेफरी येतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या घरांत विचारणं महाग असतं. टोळीत नव्या पोऱ्याने तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर मुकादम म्हणतो, डोळे फुटले का? बघून शिकायचं, मान खाली घालून करायचं. नाना मला सांगायचे, साहेबासमोर तोंड उघडू नये, काम दिसलं पाहिजे. साच्यावर ते खरंच होतं, ठाणभर कापड समोर दिसायचं. तुझं काम दिसतं कुठे? तू आठ तास पेपर वाचलेस आणि एका आकृतीपाशी अडलास, तर सरांना बाहेरून फक्त खुर्चीत बसलेला पोरगा दिसतो. इथे तोंडानेच काम दाखवावं लागतं. त्यात पुढे-पुढे करणं काही नाही, ती या धंद्याची रीत आहे.

केबिनच्या दाराचं सांगते. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, हातात कागद हवा. छापलेला ग्राफ किंवा पेपरचं एक पान, त्यावर अडलेल्या जागी पेनने गोल केलेला. आणि वाक्य आधीच ठरवून जायचं. ‘सर, समजलं नाही’ म्हटलं की समोरच्याला कुठून सुरू करावं ते कळत नाही आणि तो सगळंच पहिल्यापासून सांगायला लागतो. ‘सर, इथपर्यंत आलं, या पायरीला अडलो, मला असं वाटतंय, बरोबर आहे का?’ एवढं म्हण. तीस वर्षांत असं विचारणाऱ्या एकाही विद्यार्थ्याला मी ढ समजले नाही. न विचारणाऱ्यांना मात्र समजले आहे, आणि त्यातले काही ढ नव्हते, हे नंतर कळल्यावर वाईट वाटलं. आठवड्यातला एक वार ठरवून घे. दर गुरुवारी चार वाजता दहा मिनिटं येऊ का, असं एकदाच विचार. मग दर वेळी धीर गोळा करावा लागत नाही, गुरुवार आला की पाय आपोआप जातात.

मीटिंगमध्ये पहिल्या पाच-दहा मिनिटांत विचारून टाक. जितका वेळ थांबशील तितका प्रश्न मनात मोठा होत जातो आणि तितक्यात दुसरं कोणी विचारतंच. मराठीत विचार. जळगावच्या लॅबमध्ये मराठीत प्रश्न विचारला म्हणून आभाळ कोसळत नाही. इंग्रजी लागेल ते दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहायचं तेव्हा, आणि पेपर लिहिताना. आपल्या विषयाचं इंग्रजी मुळात तोकडं आहे, तीच दोन-तीनशे शब्दांची वळणं फिरून फिरून येतात. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाच, होस्टेलच्या गच्चीवर जाऊन वाच हवं तर. पहिली स्लाईड शब्दन् शब्द पाठ कर. पहिलं मिनिट सुरळीत गेलं की पुढची गाडी चालते. तू ज्या विद्यापीठात बसतोस त्याला २०१८ पासून असोद्याच्या ज्या बाईचं, बहिणाबाईंचं, नाव आहे, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे तुला उभारी यावी म्हणून सांगत नाही, उभारीने सेमिनार होत नाही. गेटवरची पाटी रोज वाचतोस, म्हणून आठवलं.

आणखी काही गोष्टी, ज्या कोणी मुद्दाम सांगत नाही. सर ‘बघून घे’ म्हणाले तर ते आठवडाभरात बघून, परत येऊन सांगायचं असतं. न सांगितलं तर त्यांना वाटतं तू बघितलंच नाहीस. जेआरएफला दर वर्षी कंटिन्जन्सी म्हणून वेगळी रक्कम असते. प्रिंट, किरकोळ केमिकल, कॉन्फरन्सची नोंदणी, पुस्तकं त्यातून होतात. तू आत्तापर्यंत खिशातून किती घातलेस ते मला माहीत नाही, पण घातले असणार. पावत्या ठेव आणि हिशेब विभागात विचार. कॉन्फरन्स कुठे आहे, कोणाची नवी मशीन आली, सॅम्पल कुठे फुकट रन करून मिळतं, या बातम्या चहाला कळतात. म्हणून चहाला जात जा. बर्थडेच्या पार्टीची काँट्री परवडत नसेल तर सरळ सांग, ‘या महिन्यात जमणार नाही, चहाला आहे मी.’ पोटात दुखतंय, गावाला जायचंय असली कारणं दोनदा चालतात, तिसऱ्यांदा लोक बोलवायचं बंद करतात. आणि त्यांना वाटतं, तुलाच त्यांच्यात यायचं नाही.

यावरून तो डाग. बाबा रे, आयोडीनचा डाग हायपोचे दोन थेंब टाकले की डोळ्यांदेखत जातो. केळीच्या चिकाचा डाग शर्ट फाटेपर्यंत जात नाही. ती मुलगी केमिस्ट आहे. दुसऱ्यांदा तोच शर्ट घातलास त्याच दिवशी तिला कळलं असणार. तिने विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. आता तू सांगून टाक. घोषणा करायची गरज नाही, टोळीत मी घड वाहतो म्हणून छाती काढून सांगणंही तितकंच अवघड वाटेल. सोमवारी झोप का येते असं कोणी म्हटलं की एवढंच म्हणायचं, काल केळीची गाडी भरत होतो. लोक दोन मिनिटं केळीबद्दल विचारतील आणि मग कोणीतरी रिकामा सेंट्रिफ्यूज शोधायला जाईल. तू ज्याला एवढं जपतोस ते इतरांच्या दृष्टीने दोन मिनिटांचं असतं. माझ्या बाबतीत असंच झालं आणि मला थोडं वाईटही वाटलं.

आता शनिवार. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण इथे तुला रागावू की नको हे ठरत नव्हतं.

वीस-पंचवीस किलोचा घड, ओल्या सरीतून बांधापर्यंत, मग गाडीपर्यंत, दिवसभर. आबांचा खांदा दुखतो आणि तू जातोस. याला नाही म्हणणारी मी कोण? पण पत्रात तू लिहिलंयस ‘दर शनिवारी’, आणि आबांनी बोलावलं असं कुठेच लिहिलेलं नाही. मला शंका येते की तू आबांना विश्रांती मिळावी म्हणून जातोस त्याहून जास्त, सोमवार ते शुक्रवार खुर्चीवर बसल्याचं प्रायश्चित्त म्हणून जातोस. जेआरएफच्या पैशाने सावलीत बसणं तुला चोरी वाटते. मी हे ओळखते कारण मी सुटीला धुळ्याला गेले की घरातली सगळी भांडी घासायला घ्यायची, शेजारणीचीसुद्धा. आईने शेवटी हातातून तवा काढून घेतला.

आबांच्या खांद्याला तुझ्या एका दिवसाने आराम पडत नाही, रविवारनंतर सोमवार त्यांनाही येतो. खांदा डॉक्टरला दाखवायचा आहे. जळगावला सिव्हिलमध्ये हाडांच्या ओपीडीत ने, तू तिथेच राहतोस, सकाळी लवकर केसपेपर काढ. सहा महिन्यांच्या शनिवारांपेक्षा ती एक सकाळ कामाला येईल. मग महिन्यातले एक किंवा दोन शनिवार ठरव आणि मुकादमाला आधीच सांग. टोळीत माणूस धरून गाडी सांगितलेली असते, तू येतो म्हणून आला नाहीस तर बाकीच्यांच्या अंगावर पडतं. ठरलेल्या शनिवारी जा, पूर्ण दिवस वाहा, उरलेल्या शनिवारी फोन कर.

आणि फोनवर आबा ‘काय करी ऱ्हायना?’ म्हणाले की तू ‘अभ्यास’ म्हणतोस, बरोबर? अभ्यास हा शब्द त्यांच्या कानी दहावीपासून पडतोय. त्यांना वाटतं तू अजून परीक्षेचीच तयारी करतोस, मग नोकरीचं विचारणारच. तुमच्या भागातलं कोणी ना कोणी सुरतला असतंच, उधन्याला नाहीतर लिंबायतला, आणि त्यातला एखादा डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात असतो. तिथून जे रंगीत पाणी निघतं ते आबांनी ऐकलेलं आहे, कदाचित पाहिलेलंही. ते पाणी साफ करणारी पावडर मी बनवतोय, असं अहिराणीत सांग. पुढच्या वेळी प्रयोग लावशील तेव्हा दर पंधरा मिनिटांनी काढलेल्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मांड, गडद निळ्यापासून पाण्यासारख्या पांढऱ्यापर्यंत, आणि मोबाईलवर फोटो काढून पाठव. मायलाही दाखव. मी नानांना माझं काम सांगायला चार वर्षं लावली. सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘तुले पगार कोन देस?’ मी म्हटलं, सरकार. ‘मंग ते सरकारनं काम शे. नीट कर.’ त्यानंतर गल्लीत कोणी विचारलं तर तेच उत्तर द्यायचे, मला बोलावंच लागलं नाही.

उलट आबांनाही विचार. घड उतरवायला झाला हे बघता बघता कसं ओळखतात? दिल्लीला जाणारा माल पाऊण भरला की कापतात आणि जवळच्या बाजाराचा आणखी भरू देतात, बोटाच्या कडा किती गोल झाल्या त्यावरून ठरवतात, इतपत मला वरवरचं ठाऊक आहे. पुढे तीच केळी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवतात, आणि इथिलीन तर तू अकरावीपासून लिहितोयस. बाप-लेकाला बोलायला एवढं पुरे आहे. लग्नाचा विषय निघायच्या आधी हे बोलून घ्या.

लग्न आणि पैसा. घरी ३७ हजार हा आकडा गेलाय ही चूक झाली. आकडा खरा आहे, २०२३ च्या जानेवारीपासून जेआरएफ तेवढीच आहे आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, झाली की ४२ हजार. पण तो पगार नव्हे. पगार महिन्याला येतो. हे पैसे येतात तेव्हा एकदम येतात आणि मधे कोरडं पडतं. घरी हे स्पष्ट सांग, आजच्या फोनवर, लग्नाची बोलणी पक्की व्हायच्या आत. ‘पोरगा विद्यापीठात, महिन्याला सदतीस’ यावर समोरच्या घराने हिशेब मांडला असेल तर पुढे बहिणीला ऐकावं लागेल. तुझ्या नावावर कर्जाचा हप्ता बांधून घेऊ नकोस. फेलोशिपच्या भरवशावर हप्ता म्हणजे पावसाच्या भरवशावर चेक.

थकलेले पाच महिने एकत्र येतील तेव्हा आधी उसने परत कर. मग पुढच्या चार-पाच महिन्यांची मेस आणि खोली वेगळ्या खात्यात टाक, ज्याचं एटीएम कार्ड तुझ्या खिशात नसेल. त्यानंतर जे उरेल त्यातून लग्नाला जेवढं द्यायचं ते एकदाच दे, आणि एकच आकडा सांग. थोडं-थोडं देत राहिलास तर किती दिले ते कोणालाच आठवत नाही, तुलाही नाही. महिन्याची हजेरी, सरांची सही, विभागाचा शिक्का हे कागद ठरावीक तारखेला स्वतः घेऊन जा. टेबलवरच्या माणसाला नावाने ओळख. माझ्या अनुभवात कागद बहुधा एखाद्या फायलीखाली झोपलेला असतो, आणि रोज नमस्कार करणारा पोरगा आला की तो सापडतो.

अंकलेश्वर. मी नाक मुरडणार नाही. धुळे-नंदुरबारची, चोपड्याची कितीतरी केमिस्ट्रीची पोरं अंकलेश्वर, वापी, दहेजला आहेत, संसार चालवतात, गावी घरं बांधतात. आणि दुसऱ्या बाजूचं खरंही ऐक. पीएच.डी. झाली म्हणजे प्राध्यापक झाला असं आता राहिलेलं नाही. डॉक्टरेट झालेली माझी काही मुलं आज कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, तासाचे पैसे मिळतात आणि उन्हाळ्यात तेही नाहीत. म्हणून घरी ‘मी प्रोफेसर होणार’ असा शब्द देऊ नकोस. ‘कधी संपणार’ असं विचारलं तर सांग, नियमाने कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, माझी बहुतेक साडेचार-पाच.

मात्र पैसे न आलेल्या महिन्यात नोकरीचा निर्णय घेऊ नकोस. त्या महिन्यात कुठलीही नोकरी बरी दिसते. कोर्सवर्क होऊ दे, समितीपुढे एकदा उभा राहा, थकबाकी हातात येऊ दे. मग एक दिवस बसून ठरव. तोवर विभागातल्या प्रत्येक मशीनवर हात बसवून घे, एचपीएलसी, जीसी, जे असेल ते. दुसऱ्याचं सॅम्पल रन करायला लागलं तरी कर. राहिलास तर थीसिसला उपयोगी आणि गेलास तर अंकलेश्वरला मित्रापेक्षा वरच्या खुर्चीवर बसशील. थीसिस अर्ध्यात सोडून गेलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, दोघंही मजेत आहेत. एकाला अजून स्वप्नात व्हायव्हा दिसते म्हणतो, पण तो आधीपासूनच नाटकी.

घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. पहिले दोन-तीन वेळा केबिनमध्ये जाताना घसा कोरडा पडेल. पाण्याची बाटली घेऊन जा.

जाता जाता एक राहिलं. वहीत तीन प्रश्न होते म्हणालास. पत्रात दोनच लिहिलेस. तिसरा कोणता होता? पुढच्या मीटिंगला तो विचार, आणि सर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई